निंबाखालची सरकारी जागा

पार्डीपेठ
८ डिसेंबर २०२४

ती. मामाजींना अमरचा नमस्कार.

परवा फोन केला तेव्हा तुम्हाला माझं बोलणं ऐकू गेलं नाही. जेवलो, हे तीनदा ओरडून सांगितल्यावर दुसरं काही ओरडून सांगण्यासारखं राहिलं नाही. मग मामींनी फोन घेतला. त्यांनीही जेवलात का, एवढंच विचारलं. शेवटी मी ठेवून दिला. म्हणून हे पत्र लिहितो आहे. कागदावरचं तुम्हाला नीट ऐकू येतं, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात.

पूनमला जाऊन आता तीन महिने होतील. घरी सगळं ठीक आहे. थंडी फार आहे. सकाळी ऑफिसला जातो, संध्याकाळी परत येतो.

एक नवीन आहे ते कळवतो. आमच्या कमिशनर साहेबांनी माझं नाव एका प्रशिक्षणाला दिलं आहे. लहान गावांच्या नगरपालिकांमध्ये नगर नियोजनाचं काम करणाऱ्या माझ्यासारख्या ओव्हरसियर लोकांसाठी ते आहे. हैदराबादची एक संस्था शिकवते. फुकट आहे आणि ऑनलाइन आहे, म्हणजे कुठे जायचं नाही, घरीच लॅपटॉपसमोर बसायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी असतं. ऑफिसातल्या बाकीच्यांनी घरची कारणं सांगून नाव काढून घेतलं. मला सांगायला कारण नव्हतं.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, तुमच्या खिडकीतून काय दिसतं? एकाने रेल्वेचा पूल सांगितला. एका बाईंनी शेजारणीचे वाळत घातलेले कपडे सांगितले. मी म्हटलं, समोरच्या घराची भिंत. मॅडम म्हणाल्या, भिंतीच्या पलीकडे काय आहे ते बघून या आणि पुढच्या वेळी सांगा. मी गेलो नाही. तिथे काय आहे ते मला माहीत आहे. सुधाकररावांची म्हैस आहे.

सगळ्यांचे चेहरे लहान चौकोनांत दिसतात. मी माझा कॅमेरा बंद ठेवतो, कारण मागे घर दिसतं. शिकवणं तेलुगू आणि इंग्रजीत असतं. मधेच कोणाचा तरी आवाज जातो आणि सगळे एकदम विचारायला लागतात, "सार, विनिपिस्तुंदा?" म्हणजे ऐकू येतं का? तेव्हा मला तुमची आठवण येते.

शेवटी प्रत्येकाने आपल्या गावातली एक मोकळी सरकारी जागा घ्यायची आणि तिथे लोकांच्या उपयोगाचं काय करता येईल याचा नक्शा काढायचा आहे. लोकांना विचारून काढा, असं मॅडम पुन्हा पुन्हा सांगतात. नक्शा काढणं मला येतं. लोकांना विचारणं जमत नाही. आमच्या घरात ते पूनम करायची.

मामींना नमस्कार सांगावा.

अमर


बाजारहत्नूर
१९/१२/२४

जवाईबापूले माणिकराव अन् जयवंताबाईचा आशीर्वाद.

पत्र भेटलं. पोस्टमन दुरूनच म्हणे, काका, कोणाची नोटीस आली का? मी म्हटलं, जवायाचं पत्र आहे. त्याले खरं नाही वाटलं. आता पत्र कोण लिहिते?

तुमच्या मामीले वाचून दाखवलं. म्हशीपाशी ती हसली. लय दिवसानं हसली, म्हणून मी तेवढं पुन्यांदा वाचलं. दुसऱ्या डावाले नाही हसली.

फुकट शिकवतात म्हणता. फुकट काऊन शिकवून राह्यले? मागं आमाले टमाट्याचं बी फुकट वाटलं होतं, तर नुसती पानंच आली, कमरेएवढी. तुमी जरा ध्यान ठेवजा. अन् तो कॅमेरा बंद ठेवू नका. माणसाचं तोंड दिसलं पाह्यजे. मागं घर दिसते तर दिसू द्या. घर काही चोरीचं नाही.

तुमाले कशाचा नक्शा काढा ते मी सांगतो. पूनम लहान होती तवा आमी तुमच्या पार्डीपेठच्या गुरुवारच्या बजाराले भाजी घेऊन येत होतो. तिघंही बसत होतो. दुपार झाली का ती म्हणे, बाबा, घरी चाला. मी म्हणो, अजून सांबाराच्या जुड्या पडल्या आहेत, त्या इकू दे. मंग ती मायच्या कानात काही सांगे. माय म्हणे, थांब, अंधार पडू दे. मले वाटे पोरगी आळशी आहे. तिचं लग्न होऊन ती तुमच्याकडं आली, त्याच्यानंतर एक डाव इथं आली तवा मले म्हणाली, बाबा, याईच्या ऑफिसात कपाट भरून नक्शे आहेत, पण बजारात बायाईसाठी एक संडास नाही निघत त्याच्यातून. तवा मले समजलं का लहानपणी ती घरी चाला काऊन म्हणे.

तुमाले बी म्हणाली असन. तर तेच करा.

मेथी अन् थोडे वांगे बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतो. मेथी निवडता येते का तुमाले? नसन येत तर शेजारी देजा, पण टाकू नका. जेवणाचं काय करता ते लिहिलं नाही. ते लिहा.

माणिकराव


पार्डीपेठ
१२ जानेवारी २०२५

ती. मामाजींना अमरचा नमस्कार.

भाजी मिळाली. मेथी निवडली. देठ जास्त राहिले होते. जेवण घरीच करतो, एकदा केलं की दोन वेळा होतं.

तुम्ही सांगितलं तेच घेतलं. पूनम मलाही म्हणाली होती, पुष्कळ वेळा. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, जागा बघावी लागेल.

मागच्या गुरुवारी बाजारात कागद-पेन घेऊन गेलो. पहिल्या बाईंना विचारलं, बाजारात काय सोय हवी? त्या म्हणाल्या, "वांगे घेता का?" मी घेतली. दुसरीकडेही तसंच झालं. तुम्ही पाठवलेली घरी होतीच. तेवढ्यात नेरडीगोंड्याच्या चंद्रभागाबाई, त्या मिरच्या घेऊन येतात, त्यांनी मोठ्याने हाक मारली, "ओ साहेब! तुमी पूनमचे मालक ना? काय पाह्यजे ते सरळ विचारा ना. वांगे काऊन घेत फिरून राह्यले?"

मी खाली बघत विचारलं. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या आणि हसायलाही लागल्या. एक म्हणाली, "हे विचाराले सरकारनं माणूस ठेवला? बाई नाही भेटली?" दुसरी म्हणाली, "होती ना याईची बाई. तिले का कमी माहीत होतं?" चंद्रभागाबाईंनी माझ्या पिशवीत मूठभर मिरच्या टाकल्या आणि म्हणाल्या, "लिहा. मी सांगतो."

त्यांनी सांगितलं ते असं. लांबची जागा नको. आडोशाची, अंधाराची नको. रस्त्याने जाणाऱ्याला बाई आत गेली हे दिसलं तरी चालेल, पण दाराशी कोणाला घुटमळता येऊ नये. पाणी हवं. मग त्यांनीच हात करून जागा दाखवली. बाजाराच्या टोकाला, जिथून स्मशानघाटाचा रस्ता सुरू होतो, तिथे निंबाचं झाड असलेली तिकोनी जागा आहे. मी ऑफिसात पहाणीचा उतारा काढून बघितला. सरकारी आहे, कोणाचा कब्जा नाही. नळाची लाइन जवळून जाते आणि रस्त्यावर दिवा आहे. चार खोल्या सहज बसतात.

नक्शा काढून पाठवला. मॅडमनी तो सगळ्यांना पडद्यावर दाखवला आणि बाजारातल्या बायांनी काय सांगितलं ते मला वाचायला लावलं. कमिशनर साहेबांनाही आवडला. ते म्हणाले, हा नुसता अभ्यासापुरता ठेवू नको, फेब्रुवारीच्या बैठकीत मांडू आणि यंदाच्या कामांत घेऊ. म्हणजे हे खरंच बांधलं जाईल.

त्या दिवशी क्लास संपल्यावर मी लॅपटॉप बंद केला आणि हे सांगायला उठलो. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो होतो.

नक्शाची एक प्रत सोबत आहे. कोपऱ्यात बाण आहे तो उत्तरेचा. बाण वर येईल असा कागद धरावा. मामींनाही दाखवा. हे काम पूनमचंच आहे.

अमर


बाजारहत्नूर
२०/१/२५

जवाईबापू,

नक्शा पाह्यला. बाण वर धरूनच पाह्यला.

त्या निंबाखाली माह्या पोरीचा विसावा झाला आहे.

तुमाले हे माहीत नाही, त्याच्यात तुमचा दोष नाही. तुमी आगीचं मडकं घेऊन सगळ्यांच्या पुढं होते, अन् मडकं धरणाऱ्यानं मागं वळून पाहायचं नसते. पण मागं काय होते ते आता आयका. घरून निघाल्यावर घाट येण्याच्या आधी तिरडी एक डाव खाली टेकवतात. खांदेकरी जागा बदलतात, डोक्याकडचे पायाकडं येतात. तिथं एक दगड ठेवतात अन् मंग तिरडी पुन्हा उचलतात. त्या जागेपर्यंत माणूस घरचं असते. त्याच्या पुढं नाही. तर आपल्या पूनमचं घरचं म्हणून शेवटचं टेकणं त्या निंबाखाली झालं. मी तिथं होतो. माह्या डोळ्यानं पाह्यलं.

अन् तुमी तिथं संडास बांधून राह्यले. वरून म्हणता, काम तिचंच आहे.

तुमच्या मामीले मी यातलं काही सांगतलं नाही. बायाईले घाटाच्या रस्त्याचं काही माहीत नसते. नक्शा गादीखाली ठेवून दिला. ती विचारते, काय आलं? मी म्हणतो, ऑफिसचं आहे.

संडास नको असं मी म्हणत नाही. मीच सांगतलं होतं. तिथं नको, एवढंच. तिथंच बांधायचं असन तर मी कमिशनर साहेबाले अर्ज देईन, मंग तो नक्शा जवायानं काढला का आणखी कोणं, ते पाहणार नाही. अन् तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही.

माणिकराव


पार्डीपेठ
२७ जानेवारी २०२५

ती. मामाजींना सा. नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. मला हे माहीत नव्हतं. माझ्या मनात काही वाईट नव्हतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आधी निंबाखाली जाऊन आलो. तिथे पुष्कळ दगड आहेत. बाजारवाले ताडपत्री उडू नये म्हणून आणतात आणि तिथेच टाकून जातात. त्यातला कोणता, ते मला ओळखू आलं नाही. तिथून तसाच ऑफिसला गेलो.

आता अडचण सांगतो. गावात बाजाराच्या जवळ दुसऱ्या दोनच सरकारी जागा आहेत. एक जुन्या कोंडवाड्याच्या मागे आहे. तिथे दिवा नाही, पुढे रस्ताही नाही. चंद्रभागाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तिथं बांधायचं असन तर नका बांधू. कुलूपच लागन त्याले." दुसरी म्हणजे धान्याच्या गोदामाच्या भिंतीला लागून एक अरुंद पट्टी आहे. ती खोल आहे, पाणी साचतं, आणि तिथे चारऐवजी दोनच खोल्या होतील. गुरुवारी बाजाराला किती बाया येतात ते आपण पाहिलं आहे. दोन पुरणार नाहीत. पण निंबाची जागा सोडली तर तेवढंच राहतं.

आमच्या नक्शांमध्ये विहिरीला खूण आहे, झाडाला आहे, विजेच्या खांबाला आहे, देवळाला आहे. विसाव्याला नाही. मी क्लासमध्ये विचारलं, अशी जागा कागदावर कशी दाखवायची? मला इंग्रजीत नीट सांगता आलं नाही, तरी मॅडमना समजलं. त्या म्हणाल्या, ज्याने ती जागा पाहिली आहे त्याला तिथे घेऊन जा, त्याला उभं राहून दाखवू दे, मग तेवढी जागा सोडून बाकीचं बघ.

म्हणून विनंती आहे की आपण एकदा यावं. नेमकी जागा आणि दगड दाखवावा. तेवढं राखून इमारत मागे सरकवता येते का ते मी बघतो. आपल्याला बसने त्रास होत असेल तर मी मोटारसायकलने न्यायला येतो. बैठक सत्तावीस फेब्रुवारीला आहे. त्याच्या आधी जागा नक्की करून कागद द्यावे लागतील.

आपल्याशिवाय ती जागा मी कोणाला विचारू?

अमर


पार्डीपेठ
१० फेब्रुवारी २०२५

ती. मामाजींना सा. नमस्कार.

आपलं उत्तर आलं नाही. बसच्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, काका रोज मळ्यात दिसतात. म्हणून आपण बरे आहात असं समजतो.

आपली वाट पाहून मी देवाजींना विचारलं. ते आमच्याच गल्लीत राहतात आणि त्या दिवशी खांद्याला होते. त्यांना घेऊन निंबापर्यंत गेलो आणि तिथून घाटाच्या रस्त्याने थोडं पुढे गेलो. त्यांनी सगळं सांगितलं. जागेबद्दल माझी आता काही शंका नाही. त्यावर आपल्याला पुन्हा लिहायची गरज नाही.

संडास निंबाखालून हलवला आहे. गोदामाच्या भिंतीची पट्टी घेतली. भराव टाकावा लागेल. दोन खोल्या होतील. मॅडमनी विचारलं, चांगली जागा सोडून ही का घेतली? मी म्हटलं, लोकांची हरकत आली. त्यांनी विचारलं, किती लोकांची? मी उत्तर दिलं नाही. त्यांना वाटलं माझा आवाज गेला. "अमर गारू, विनिपिस्तुंदा?" असं दोनदा विचारून त्या पुढच्या माणसाकडे गेल्या.

चंद्रभागाबाईंना अजून सांगितलेलं नाही. गुरुवारी बाजाराच्या बाजूने गेलो नाही.

निंबाखाली आता फक्त एक ओटा दाखवला आहे. पाठ टेकता येईल असा, सावलीच्या बाजूला. घाटाकडे जाताना ज्याला पुढे चालवणार नाही त्याला तिथे बसता यावं. मागून येणाऱ्यांनी त्याला उठवू नये. नक्शात त्यावर नुसतं 'बसण्याची जागा' असं लिहिलं आहे.

कागद चोवीस तारखेला ऑफिसात देईन.

तेव्हा आपण अर्ज देऊ नये. आणि माझ्या दारात पाय ठेवणार नाही असं म्हणू नये. माझ्याकडे दुसरं कोणी येत नाही.

मामींना नमस्कार.

अमर


बाजारहत्नूर
१९/२/२५

जवाईबापू,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, ड्रायव्हरच्या हाती देतो, म्हणजे चोवीसच्या आधी तुमाले भेटन.

तुमचं पत्र आलं तवा पह्यले संडास हलवल्याचं वाचलं. मनात म्हटलं, जितलो. मंग ओट्याचं वाचलं. ज्याले पुढं चालवणार नाही. तिथंच थांबलो. ते पुन्यांदा वाचलं, अन् मंग कागद हातात धरून धुऱ्यावर बसून राह्यलो. मोटर चालू होती, पाणी दुसऱ्याच्या वावरात गेलं, तरी उठलो नाही.

तर देवाजीनं तुमाले सांगतलं. त्यानंच मले हाताले धरून तिथं बसवलं होतं. म्हणे, काका, तुमी बसा, आमी येतो. निंबापाशी तिरडी टेकलीच नाही. ती तशीच पुढं गेली. तुमी तर लय पुढं होते. मी बसलो अन् लोकं माह्या समोरून जात राह्यले. कोणी म्हणे, काका, उठा. कोणी म्हणे, राहू द्या त्याईले. शेवटचा माणूस गेला तरी मी उठलो नाही. ते घाटावरून वापस आले तवा त्याईच्यात मिसळलो. तुमी पाण्यासाठी थांबले होते, माह्याकडं पाह्यलं, अन् तुमाले वाटलं मी तिथूनच आलो. मी तसं वाटू दिलं.

विसावा कुठं झाला ते मले माहीत नाही. पण बापाले माहीत नसावं, हे कोणाले सांगू? म्हणून मी तो माह्या मनानं निंबाखाली ठेवला. रोज ठेवता ठेवता मले तो दिसाले लागला. तिरडी टेकताना दिसे, दगड ठेवताना दिसे, देवाजी डोक्याकडून पायाकडं येताना दिसे. तुमाले लिहिलं तवा मी खोटं लिहून राह्यलो असं मले वाटलं नाही. तुमी म्हटलं, या अन् दगड दाखवा. तवा पाय नाही उचलला. म्हणून उत्तर दिलं नाही.

तुमी एका ओळीत मले गप्प करू शकत होते. मामाजी, तुमी तिथं नव्हते, एवढं लिहिलं असतं तरी झालं असतं. ते लिहिलं नाही. बायाईच्या दोन खोल्या कमी केल्या, मॅडमसमोर मुके झाले, पण मले उघडं पाडलं नाही. याचं मले बरं वाटलं का वाईट वाटलं, ते अजून समजून नाही राह्यलं.

काल तुमच्या मामीले सगळं सांगतलं. गादीखालचा नक्शा काढून तिच्या पुढं ठेवला. मले वाटलं, रडन. ती नक्शाकडं पाहत राह्यली अन् म्हणे, "बजारात तुमी लोटा तोंडाले लावून गटागटा पाणी पेत होते. मले पेताना पाह्यलं का कधी?"

मी म्हटलं, ध्यान नाही दिलं.

म्हणे, "पोरीले बी देत नव्हती मी. तिचे ओठ सुकले का पदर ओला करून लावत होती. जास्त पेली तर नेऊ कुठं तिले? अन् आता जवायानं जागा काढली, तर तुमी निंब धरून बसले."

तर तिथंच बांधा. चार खोल्या बांधा. पह्यलाच नक्शा द्या. अन् ओटा नका करू. आपल्या इकडची माणसं तुमाले माहीत आहेत, दुसऱ्या दिवसापासून तिथं पत्ते कुटत बसतीन, मंग बायाईनं जावं कसं? चंद्रभागाबाईले विचारून पाहा, ती बी हेच म्हणन. ज्याले बसायचं तो खाली मातीत बसते. मी बसलो होतो.

आता माह्या कामाचं लिहितो. माही पोरगी जिथं जळली ती जागा मी अजून पाह्यली नाही. तुमी अन् देवाजी मले तिथं घेऊन चला. विसावा कुठं झाला तो बी त्याले दाखवू द्या. तुमी बी तो होताना नाही पाह्यला. आता इतक्या दिवसानं तिथं काही दिसत नसन, हे मले समजते. तरी चला.

हे लिहून राह्यलो तर मामी म्हणे, काय लिहिता? मी सांगतलं. ती म्हणे, मी बी येतो. मी म्हटलं, बायाईनं घाटावर जायचं नसते. तर म्हणे, "तुमी दोघं बापे होते ना तिथं? एकानं मागं पाह्यलं नाही, एक पुढं गेला नाही. मंग माह्या पोरीले शेवटचं पाह्यलं कोणं?"

आत जाऊन तिनं घालाचं लुगडं काढून ठेवलं आहे.

तवा आमी दोघंही येऊ. गुरुवार सोडून कोणता बी दिवस कळवा. तिचे गुडघे दुखतात, सकाळची वेळ ठेवजा. देवाजीले सांगा, घाई करू नको.

माणिकराव